टॅबमध्ये सगळं होतं, फक्त आपण कुठे आहोत ते सोडून

हे प्रकरण आमच्याच घरचं आहे आणि चूक बऱ्यापैकी माझी आहे. सहा माणसं, चार दिवसांची डोंगरातली पायी भटकंती, पहिल्या दुपारनंतर रेंज मिळणार नाही हे आधीच माहीत, आणि सोबत एक दहा इंची टॅब, ज्यात "लागेल ते सगळं" भरून घ्यायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलेलं. माणसं म्हणजे मी, दादा, वहिनी, त्यांचा १४ वर्षांचा मुलगा, ताई आणि ६८ वर्षांचे मामा. चार दिवसांचे सहा झाले, त्यात एकदा वाट चुकली, एकदा पुतण्या आजारी पडला, आणि दोन्ही वेळा टॅब हातात असून कामाचा निघाला नाही. निदान हवा तेव्हा तरी नाही. आल्यावर मी आणि वहिनीने बसून कुठे काय फसलं ते उलगडलं, तेच इथे लिहितोय.

तयारी, म्हणजे मला जी तयारी वाटली ती

टॅब घरातलाच, तीनेक वर्षं जुना, फक्त वायफायवाला, सिमला जागाच नाही. आतली मेमरी ६४ जीबी पण त्यातली बरीचशी आधीच भरलेली, म्हणून गाडीच्या डॅशकॅममधून, म्हणजे काचेमागे लावलेल्या कॅमेऱ्यातून, काढलेलं १२८ जीबीचं कार्ड त्यात टाकलं. पहिली रात्र या कार्डापायी गेली. ऑफलाइन विकिपीडिया वाचायला किविक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात अख्खा विकिपीडिया झिम प्रकारच्या एका फाइलमध्ये येतो. इंग्रजीचा चित्रांसकट घ्यायचा तर १०० जीबीच्या वर जातो, बिनचित्रांचा साधारण त्याच्या निम्म्यात बसतो, मराठीचा त्या मानाने अगदीच आटोपशीर. मी इंग्रजीचा बिनचित्रांचा रात्रभर कॉम्प्युटरवर उतरवला, सकाळी कार्डावर टाकायला गेलो तर म्हणे फाइल फार मोठी आहे. कार्ड रिकामं, जागा हवी त्याच्या दुप्पट, आणि फाइल मोठी! डोकं खाजवत बसलो तेव्हा कळलं की डॅशकॅमने कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं, त्यात एकेक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावतच नाही, कार्ड कितीही मोठं असो. कॉम्प्युटरला लावून ती अडचण नसलेल्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलं आणि गाडी पुढे सरकली.

कार्ड टाकल्यावर टॅबने विचारलं, हे आतल्या मेमरीसारखं वापरायचं का. इथे मी नाही म्हटलं, आणि या सगळ्या तयारीत आधीच डोकं चालवून केलेली ही बहुतेक एकमेव गोष्ट. कारण हो म्हटलं की कार्ड त्या एकाच टॅबशी बांधलं जातं, एनक्रिप्ट होतं, दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर वाचता येत नाही. टॅब दगडावर आपटून फुटला तर कार्ड काढून फोनमध्ये घालता आलं पाहिजे, नाहीतर एवढं भरून काय उपयोग.

बाकी मग भराभर भरत गेलो. किविक्सवरच वैद्यकीय लेखांचा वेगळा संच मिळतो, तो एक-दोन जीबीत मावतो. नकाशासाठी ऑरगॅनिक मॅप्स हे अ‍ॅप, ते ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालतं, पायवाटा असतात, उंचीच्या समोच्च रेषा दिसतात. गूगल मॅप्सचाही भाग उतरवून ठेवता येतो पण नेट नसताना ते गाडीचा रस्ता सांगतं, पायी चालायचा सांगत नाही, आणि आम्हाला पायीच जायचं होतं. प्रथमोपचाराचं तीनेकशे पानांचं पीडीएफ, सगळ्यांची ओळखपत्रं, विम्याची कागदपत्रं, पक्ष्यांचं एक, ताऱ्यांचं एक, पुतण्यासाठी कार्टून आणि दोन गेम, मामांसाठी एका वर्गणीवाल्या अ‍ॅपमधून उतरवलेली जाडजूड कादंबरी. फोल्डरांना नावं काय दिली? "न्यू फोल्डर", "न्यू फोल्डर २", "ट्रिप फायनल", "ट्रिप फायनल खरं". मला सगळं पाठ होतं ना, म्हणून.

टेस्ट म्हणून संध्याकाळी सोफ्यावर लोळत नकाशा उघडला, लोकेशनचा निळा ठिपका बरोबर आमच्या घरावर. मी खूश. हा ठिपका लक्षात ठेवा.

दुसरी संध्याकाळ

दुपारी चारला धुकं उतरलं, त्यात वाटेला दोन फाटे फुटले आणि आम्ही गप्पा मारत उजवीकडच्या फाट्याने तासभर चालत गेलो. वाट बारीक होत होत झुडपात शिरली आणि संपली. दादा म्हणाला, "काढ रे तुझा तो ज्ञानकोश." मी ऐटीत टॅब काढला, नकाशा फट्कन उघडला, पायवाटा, ओढे, मुक्कामाची झोपडी, सगळं अगदी स्वच्छ. ठिपका मात्र नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, टॅब डोक्यावर धरून उघड्यावर उभा राहिलो, तरी नाही. वरून पाऊस भुरभुरायला लागला आणि काचेवर थेंब पडले की स्क्रीनला ती बोटंच वाटतात, नकाशा आपोआप झूम होतोय, भलतीकडे सरकतोय.

झालं काय होतं ते सांगतो. आमच्या टॅबमध्ये जीपीएसची चिपच नाही. घरी जो ठिपका दिसला तो आजूबाजूच्या वायफाय राउटरांच्या ओळखीवरून नेटला विचारून काढलेला अंदाज होता, आकाशाशी त्याचा काही संबंध नव्हता. जीपीएसला नेट लागत नाही हे मी सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलेलं आणि ते खरंच आहे, उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटरवरून सिग्नल टाकत असतात आणि किमान चार दिसले की जागा नीट काढता येते, पण तो सिग्नल पकडणारं काहीतरी हातातल्या यंत्रात असावं लागतं. फक्त वायफायवाल्या बऱ्याच टॅबमध्ये ते नसतं. आयपॅडमध्येही वायफाय मॉडेलला जीपीएस नाही, सिमवाल्या मॉडेलला आहे. हे मला कळायला डोंगरात भिजायला लागलं.

मग फोन. माझा ११ टक्क्यांवर आलेला म्हणून बंद करून ठेवलेला, ताईचा आणि वहिनीचा घरीच चार्जरला लावून आलेल्या, "रेंज नाही तर कशाला न्यायचे" म्हणून. दादाचा होता, पण बॅटरी वाचवायला दोन दिवस बंद. तो चालू केला, त्याच्यात नकाशा नव्हता पण होकायंत्राच्या अ‍ॅपमध्ये खाली अक्षांश-रेखांश दिसतात. तेही लगेच आले नाहीत. याचंही कारण आहे: नेट असतं तेव्हा फोन कुठला उपग्रह कुठे आहे हे नेटवरून आधीच घेतो, नेट नसेल आणि फोन बराच वेळ बंद असेल तर तीच माहिती त्याला उपग्रहाकडून ऐकावी लागते आणि तिचा वेग सेकंदाला ५० बिट, म्हणजे कासव बरं. एका उपग्रहाचा स्वतःचा तपशील दर ३० सेकंदांनी परत येतो, मध्ये झाड किंवा कडा आला की पुन्हा पहिल्यापासून. चारेक मिनिटं दादा झुडपाबाहेरच्या खडकावर फोन धरून पुतळ्यासारखा उभा होता.

आकडे आले. दादाने वाचून दाखवले, मी टॅबच्या सर्चमध्ये टाकले, आणि खूण पडली एका जलाशयाच्या मधोमध. मामा म्हणाले, "ओले तर झालोच आहोत, असेल बाबा." पुन्हा टाकले, पुन्हा जलाशय. तेव्हा पुतण्या खांद्यावरून डोकावून म्हणाला, "काका, मिनिटं साठच असतात ना, शंभर नाही." दादाच्या फोनवर अंश, मिनिटं, सेकंद होते आणि मी ते सरळ दशांश चिन्हानंतर टाकत होतो. ३४ मिनिटं १२ सेकंद म्हणजे ०.५७ अंश, मी टाकत होतो ०.३४१२. फरक जेमतेम ०.२३ अंशाचा, पण अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे एकट्या अक्षांशातच पंचवीस किलोमीटरची उडी. टॅबच्या कॅल्क्युलेटरवर साठाने भागून दशांश काढला, पुन्हा टाकला, आणि खूण पडली एका सोंडेवर, झोपडीच्या वाटेपासून ६०० मीटर बाजूला. समोच्च रेषा बघून कळलं की मधे खोल घळ आहे, आडवं कापून जायचं नाही, आल्या वाटेनेच फाट्यापर्यंत मागे फिरायचं. साडेआठला झोपडीत पोचलो.

इथे टॅबला श्रेय द्यायला हवं. मोठ्या स्क्रीनवर ती घळ सहा जणांना एकदम दिसली, नाहीतर दादा आडवाच निघाला होता.

चौथा दिवस आणि पिन

तिसऱ्या दिवशी पाऊस कोसळला, रात्री कुठेतरी दरड आली आणि खाली उतरायचा रस्ता बंद झाला. झोपडी पक्की होती, लाकूडफाटा होता, काळजीचं काही नव्हतं. पण चौथ्या दिवशी पहाटे पुतण्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. औषधांच्या पाऊचमधलं ओआरएसचं एक पाकीट वहिनीने लगेच कालवून दिलं, दुसरं शिल्लक होतं. उजाडल्यावर मी आणि दादा रस्त्याचं काय झालंय ते बघायला खाली गेलो, जाताना सांगून गेलो की टॅबमध्ये सगळं आहे, बघा.

टॅब रात्री बॅटरी संपून बंद पडलेला. वहिनीने पॉवर बँकेला लावून चालू केला. तिच्या बोटाचा ठसा मी खास टॅबमध्ये घालून ठेवला होता, पण टॅब बंद होऊन परत चालू झाला की पहिल्यांदा ठसा चालत नाही, पिनच लागतो. पिन फक्त मला माहीत. आणि मी चार तास लांब.

वहिनीने पाकिटावर छापलेलं वाचून काम भागवलं, एक पाकीट एक लिटर पाण्यात, घोट घोट, उलटी झाली की दहा मिनिटं थांबून परत. दुपारी आम्ही आलो तोवर दुसरं पाकीटही संपत आलेलं. पिन टाकला, आणि मग आमची खरी फजिती, कारण तीनशे पानांचं ते पीडीएफ स्कॅन केलेलं, म्हणजे पानांचे नुसते फोटो, सर्चमध्ये काहीही टाका, "सापडलं नाही". ताई एकेक पान बोटाने ढकलत बसली. शेवटी किविक्सच्या वैद्यकीय संचात मिळालं: एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, आणि मीठ चुकूनही जास्त नको. पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. आम्ही त्याच्या खालीच होतो तरी वहिनीने तीन मिनिटं मोजून घेतली. संध्याकाळपर्यंत पोरगा लघवीला नीट व्हायला लागला, रात्री भूक लागली म्हणाला, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

त्याच रात्री मामांनी कादंबरी उघडली. अ‍ॅप म्हणालं, लॉग-इन करा, इंटरनेट तपासा. मामा माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, चष्मा काढून घडी घालून ठेवला फक्त. ते बोलले असते तर बरं झालं असतं. पाचव्या दिवशीही दरड हलली नाही, सहाव्या दिवशी दुपारी उतरलो.

बॅटरीचं गणित कुठे चुकलं

हे वेगळं लिहितो कारण अजूनही लोक हेच गणित करताना दिसतात. टॅबची बॅटरी ७,५०० एमएएच, पॉवर बँक २०,०००, म्हणजे पावणेतीन वेळा भरेल असं मी धरलं होतं. पण तो २०,००० चा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो, म्हणजे खरी साठवलेली ऊर्जा ७४ वॉट-अवर. ते वाढवून ५ व्होल्टला बाहेर काढताना, मग टॅबच्या आत परत बदलताना, केबलमध्ये, गरम होण्यात, असं करत हाताशी साठ-पासष्ट टक्के येतं. टॅबची बॅटरी साधारण २८ वॉट-अवरची. म्हणजे दीड वेळा, फार तर पावणेदोन. त्यातच फोन. आणि पहिल्या दिवशी पुतण्याने तीन तास कार्टून बघितलेलं, ब्राइटनेस पूर्ण, वायफाय चालूच, जिथे वायफाय नाही तिथे टॅब रात्रभर ते शोधत बसलेला. पोराला दोष नाही, कार्टून मीच भरून दिलेलं.

आल्यावर काय बदललं

पहिला निर्णय असा झाला की टॅबने वाट दाखवायची नाही. टॅब म्हणजे मुक्कामाचं ग्रंथालय, वाट फोनने दाखवायची. आता सहाही फोनमध्ये तेच नकाशाचं अ‍ॅप आणि तोच भाग उतरवलेला असतो, निघायच्या आधी मुक्काम आणि फाटे यांच्या खुणा एकावर करून बाकीच्यांना पाठवतो. फोन एअरप्लेन मोडवर, एका वेळी एकच चालू, बाकी बंद. एअरप्लेन मोडमध्येही जीपीएस चालतं हे प्रत्येक फोनवर घराबाहेर मैदानात उभं राहून बघितलं. टॅबला ब्लूटूथने जोडायचा वेगळा जीपीएस रिसीव्हर मिळतो, तो घ्यायचा विचार दोन दिवस केला आणि सोडून दिला, अजून एक चार्ज करायची वस्तू वाढवायला नको. आणि अक्षांश-रेखांश दशांशातच दाखवायचे हे सेटिंग जिथे जिथे मिळतं तिथे बदलून टाकलं, जिथे नाही तिथे पुतण्या आहे.

दुसरा बदल कुलपाचा. यावर घरात चांगलाच वाद झाला. दादाचं म्हणणं पिन सगळ्यांना पाठ करायला लावू. माझं म्हणणं ताप आलेल्या, भिजलेल्या, घाबरलेल्या माणसाला पिन आठवेल यावर मी पैज लावणार नाही. शेवटी टॅबचं कुलूप काढूनच टाकलं. ओळखपत्रं आणि विमा पासवर्डवाल्या पीडीएफमध्ये, टॅबमध्ये कुठलंही मेल किंवा बँकेचं अ‍ॅप नाही. हरवला तर टॅब जाईल, बाकी काही जाणार नाही. ज्यांचा रोजच्या वापरातला टॅब आहे त्यांना हे जमणार नाही, त्यांनी पिन कागदावर लिहून औषधांच्या पाऊचमध्ये ठेवावा, दुसरा चांगला उपाय मला तरी दिसत नाही.

तिसरा बदल मला सगळ्यात जास्त आवडतो, तो वहिनीचा. एका रविवारी तिने राउटरच बंद केला, टॅब रीस्टार्ट केला आणि मला खोलीबाहेर बसवलं. मग ताईला एकेक प्रश्न: साप चावलाय, काय करू? भाजलंय? पाणी कसं शुद्ध करायचं? विम्याचा नंबर? सापाचं उत्तर सापडायला ताईला पावणेचार मिनिटं लागली आणि मी बाहेरून "अगं ट्रिप फायनल खरं मध्ये बघ" असं ओरडायचा मोह कसाबसा आवरला. त्या दिवशी फोल्डरांची नावं बदलली. आता पहिल्या स्क्रीनवर एकच फोल्डर, "आत्ता काय करायचं", त्यात नऊ फाइल, एकेक पानाच्या, मोठ्या अक्षरात, आम्हीच टाइप केलेल्या. सापाच्या पानावर चारच ओळी: चावलेला भाग हलवू नका, दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. आणि त्याखाली, उचलून दवाखान्याकडे निघा. दुसऱ्या रविवारी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा वीस सेकंद लागले. जाड पीडीएफ ओसीआर करून घेतलं, म्हणजे पानांच्या फोटोतली अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून घेतली, आता त्यात शब्द सापडतात, पण खरं सांगायचं तर ते आता कोणी उघडत नाही.

व्हिडिओ जवळजवळ सगळे उडवले. छातीवर दाब कसा द्यायचा तो एक ठेवला, कारण ती गोष्ट वाचून कळत नाही: मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटीमीटर खोल, हा वेग कानाने ऐकावा लागतो. बाकी मजकूर तो मजकूरच, कमी जागा, कमी बॅटरी. मामांना कादंबरी ईपब फाइलमध्ये घेऊन दिली, जिला कुणाला लॉग-इन विचारायची गरज नाही.

एक छोटी भर किविक्समुळे मिळाली. त्यात टॅबचं वायफाय हॉटस्पॉट करून आतली पुस्तकं आजूबाजूच्या फोनला वाचायला देता येतात, नेट नसतानाच. दरडीच्या त्या दोन दिवसांत हे माहीत असतं तर टॅबवरून भांडणं कमी झाली असती.

आणि एक गोष्ट घरी ठेवलेल्या टॅबची. सहा महिन्यांनी सहज उघडला तर बऱ्याच अ‍ॅपच्या परवानग्या गेलेल्या, फाइल वाचायला परवानगी द्या, अमुक द्या, तमुक द्या. अँड्रॉइड ११ पासून बरेच महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या सिस्टीम आपणहून काढून घेते. प्रत्येक अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं, ते केलं. शिवाय दोन महिन्यांनी एकदा टॅब काढायचा, नकाशे अपडेट करायचे, बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवून परत कपाटात, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून नाही.

परवा परत तीन दिवस जाऊन आलो. टॅब झिप-लॉक पिशवीत होता, पिशवीवरून टच चालतो. वाट फोनने दाखवली, एकदाही चुकलो नाही. पुतण्याने रात्री कुठला तारा ते बघितलं, मामांनी दोनशे पानं वाचली, घरी आलो तेव्हा टॅबमध्ये ६१ टक्के शिल्लक. टॅबच्या पाठीवर मी एक कागद चिकटवला होता, ओआरएसचं माप आणि संकटाची खूण, म्हणजे मिनिटभरात सहा वेळा बॅटरीचा झोत किंवा शिट्टी, मग मिनिटभर थांबून परत. पिशवी एका बाजूने नीट बंद झाली नव्हती, जेल पेनची शाई पसरून त्यातलं अक्षर वाचता येईना झालंय. वहिनी म्हणते पेन्सिलीने लिही, ती पाण्यात जात नाही. पेन्सिल शोधतोय.